कुलूप कुणाचं?

नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर हे आमच्या नगर जिल्ह्यातलं जगप्रसिद्ध गाव. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण एस.टी.त तिकीट काढताना तोंडात अजून ‘नगर’च येतं.) तिथल्या घरांना कडी-कुलूप न लावण्याची रीत आहे. चोरी करणाऱ्याकडे शनिदेव बघून घेतो, अशी गावाची श्रद्धा. २०११ साली युको बँकेनं तिथं दाराला कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. मी त्या वेळी दुसऱ्या एका बँकेत अधिकारी होते. आमच्या शाखेत त्या दिवशी चहाला दुसरा विषयच नव्हता. आमचे हेड कॅशियर म्हणाले, ‘‘मॅडम, शनिदेवाला आपल्याही शाखेचा चार्ज देऊन टाका. रोजची दोन किल्ल्यांची कटकट तरी वाचेल!’’

त्या विनोदाची आठवण मला दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात झाली, पण या वेळी हसू आलं नाही. सावेडीतल्या आमच्या घराला पुढे जाळीचं दार, आत लाकडी दार, दोन्हींना लॅच, गच्चीच्या दाराला अडसर. एवढं असूनही सहा वर्षं आमचं घर शिंगणापूरच्या घरासारखं सताड उघडं होतं. फरक एवढाच, की आमच्या दाराशी कुणी देव राखणीला नव्हता.

हे उघडं दार दिवाणखान्यात, टी.व्ही.च्या वर भिंतीला टांगलेलं होतं. दोन शिंगं असलेली काळी डबी. राउटर!

नोव्हेंबर हा पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आमचे हे निवृत्त शिक्षक. काचबिंदूमुळे त्यांना पडद्यावरची अक्षरं नीट दिसत नाहीत, त्यामुळे दोघांच्याही पेन्शनचे व्यवहार माझ्याकडे. त्या दुपारी कॉम्प्युटरवर बँकेचं पान उघडायला गेले, तर पानाऐवजी सूचना आली. मतितार्थ असा, की या ठिकाणानं दाखवलेलं प्रमाणपत्र बँकेच्या नावाशी जुळत नाही. खाली बारीक अक्षरांत ‘तरीही पुढे जा’ अशी सोयही होती.

चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला ‘सही जुळत नाही’ या तीन शब्दांचं वजन वेगळं सांगावं लागत नाही. समोर ओळखीचा खातेदार उभा असला, त्याच्या घरी लग्नाला जेवून आलेलो असलो, तरी सही जुळत नसेल तर चेक परत. मी कॉम्प्युटर बंद केला आणि पुण्याला भाचीला फोन लावला. ती या क्षेत्रातली इंजिनिअर आहे.

ती म्हणाली, ‘‘आत्या, वाय-फाय बंद कर. मोबाइलचा डेटा लाव आणि तेच पान उघड.’’ उघडलं. पान बिनतक्रार आलं.

‘‘म्हणजे बँक ठीक आहे,’’ ती म्हणाली. ‘‘चोर तुझ्या भिंतीवर बसलाय.’’

शनिवारी ती आली आणि आधी शिडी मागितली. डबी खाली काढून, उलटी करून तिनं मागचा कागद वाचला आणि मला विचारलं, ‘‘याचा आतला पासवर्ड कधी बदलला होतास?’’ मला वाटलं, वाय-फायचा पासवर्ड. तो तर मी अभिमानानं अवघड ठेवला होता. पण हा दुसरा. डबीच्या आतल्या कारभाराचा, सेटिंग बदलण्याचा. तो कारखान्यातून येतो तसाच होता : नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लावून ठेवावी, तसं.

घडलं होतं ते असं. आपण बँकेचं नाव टाईप करतो, तेव्हा राउटर आधी एका पत्त्याच्या वहीकडे चौकशी करतो : या नावाचं घर नेमकं कुठं? ही वही दूर कुठल्या तरी संगणकावर असते आणि कोणत्या वहीला विचारायचं, ते राउटरमध्ये लिहिलेलं असतं. आमच्या राउटरमधलं ते टिपण कोणीतरी परस्पर बदललं होतं. आता तो एका भामट्याच्या वहीला विचारत होता आणि भामटा बँकेऐवजी स्वतःच्या घरचा पत्ता देत होता. प्रमाणपत्राची नक्कल मात्र त्याला जमली नव्हती. त्या खात्यात ह्यांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला काढलेले पैसे होते. पुढचा अर्धा तास मी स्वयंपाकघरात उगीचच डबे पुसत बसले.

हे दुखणं आमच्या एकट्याच्या घरचं नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका उपद्रवी प्रोग्रॅमनं जगभरचे असे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या त्याच्याकडे होत्या आणि दिसेल त्या दाराला तो त्या लावून बघे. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या फौजेनं अमेरिकेतल्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला केला. ही कंपनी मी वर सांगितलेल्या पत्त्याच्या वह्याच सांभाळत असे. ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी बडी ठिकाणं काही तास अनेकांना उघडेनात. लोकांच्या घरातल्या डब्या या कामाला जुंपल्या गेल्या, आणि घरमालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

मी भाचीला म्हटलं, ‘‘पासवर्ड बदल आणि टांग परत वर.’’ तिनं मान हलवली. ‘‘पासवर्ड बदलला तरी आतला प्रोग्रॅम सहा वर्षांपूर्वीचा आहे. त्यातली भोकं सगळ्या जगाला माहीत झालीत. कंपनीनं या मॉडेलची डागडुजी कधीच बंद केली आहे.’’

‘‘मग आपण करू.’’

‘‘आपल्याला करता येत नाही, आत्या. तो प्रोग्रॅम कंपनीचा, कुलूपबंद. डबी तेवढी तुझी.’’

हे ऐकलं आणि मी एकदम पस्तीस वर्षं मागे गेले.

साल १९९० च्या आसपासचं. मी पाथर्डी तालुक्यातल्या एका शाखेत होते. रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर बँकांत यंत्रं येऊ लागली होती. त्यांतलंच एक लेजर पोस्टिंगचं यंत्र आमच्याकडे आलं आणि जाडजूड लेजरं माळ्यावर गेली. एके दिवशी यंत्र बंद पडलं. त्याला हात लावायची आम्हांला मनाई होती, कंपनीचा माणूस पुण्याहून यायचा होता आणि तो तीन दिवस आला नाही. शिल्लक कळल्याशिवाय पैसे कसे द्यायचे? दिवाळी उलटून गेलेली, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या ट्रक भरत होत्या. त्यांतला एक म्हातारा सकाळपासून काउंटरसमोर उकिडवा बसून होता. त्याची ट्रक रात्री निघणार होती, आणि मागं राहणाऱ्या सुनेच्या हातावर बाळंतपणासाठी काही ठेवून जायचं होतं. संध्याकाळी तो उठला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘बाई, पैसं माझं, वही तुमची. मग कुलूप कुणाचं?’’

आम्ही स्टाफनं वर्गणी काढून त्याला रक्कम दिली. हंगाम संपल्यावर येऊन त्यानं ती पै न् पै फेडली. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

तेच उत्तर निराळ्या वाटेनं शोधणारी माणसं जगात होती, हे मला आता कळलं. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञानं १९८३ साली जाहीर केलं, की आपण असे प्रोग्रॅम लिहिणार, जे कुणालाही उघडून वाचता येतील, दुरुस्त करता येतील आणि दुसऱ्याला देता येतील. १९८९ साली त्यानं त्यासाठी ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना तयार केला. त्यातली अट मोठी मार्मिक आहे : हे काम फुकट घ्या, त्यात भर घाला, विकासुद्धा, पण तुम्ही ज्याला द्याल त्याला त्याची मूळ संहिताही द्यावी लागेल. पुढे १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सची सुरुवात केली. तेही लवकरच या परवान्याखाली आलं.

आता राउटरची गोष्ट. २००२ च्या अखेरीस लिंकसिस कंपनीनं ‘डब्ल्यूआरटी-५४-जी’ नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. पुढच्या वर्षी सिस्को या बड्या कंपनीनं लिंकसिस विकत घेतली. त्याच सुमारास काही चौकस मंडळींनी डबीचं पोट तपासलं, तर आत लिनक्स! म्हणजे फुकट घेतलेल्या बियाण्यावर पीक काढलं होतं, आणि परवान्याची अट मात्र पाळली नव्हती. ओरड झाली आणि २००३ साली कंपनीला संहिता उघड करावी लागली. तिच्या आधारानं २००४ साली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. नावात त्या जुन्या राउटरची आठवण आहे. जगभरचे स्वयंसेवक आज शेकडो मॉडेलांसाठी राउटरचा आतला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, तयार करतात आणि तो कुणालाही मोफत मिळतो. कंपनीनं सोडून दिलेल्या डबीचीही डागडुजी चालू राहू शकते, ती अशी.

नगरच्या माणसाला यात परकं काय आहे? लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला, तो १९५० साली सुरूही झाला. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी आंदोलनं केली. २००२ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली देशात तो कायदा झाला. आमच्या पैशानं केलेल्या कामाचे कागद आम्हांला बघू द्या, एवढंच ते मागणं होतं. माझ्या भिंतीवरच्या डबीबद्दल भाची वेगळं काय म्हणत होती? आणि सहकार म्हटला की गटबाजी आलीच. ओपनडब्ल्यूआरटीतही २०१६ साली फूट पडली, वेगळा गट निघाला. पण २०१८ साली दोन्ही गट पुन्हा एक झाले. आमच्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांनी याचा अभ्यास करायला हरकत नाही!

आमची जुनी डबी मात्र वाचण्यासारखी नव्हती. तिच्या आत प्रोग्रॅम साठवायला जागा होती ४ एम.बी. आणि काम करायची स्मृती ३२ एम.बी. ओपनडब्ल्यूआरटीच्या आजच्या आवृत्त्यांना एवढ्यात पाय पसरता येत नाहीत. निदान ८ आणि ६४ हवेत, आणि पुढची काही वर्षं सुखानं जायची असतील तर १६ आणि १२८ किंवा त्याहून जास्त. म्हणून नवा राउटर घ्यायचं ठरलं. भाचीनं मला खरेदीचे धडे दिले; ते इथं उतरवून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

पहिला धडा : आधी यादी, मग दुकान. ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या राउटरांची मोठी यादी आहे. तिच्यात नाव नसेल, तर दुकानदारानं कितीही गळ घातली तरी घेऊ नये.

दुसरा धडा सगळ्यांत महत्त्वाचा : मॉडेलच्या नावावर जाऊ नका, आवृत्तीचा आकडा बघा. नाव तेच, खोकं तेच, आणि आतला माल निराळा, हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार. त्या मूळ डब्ल्यूआरटी-५४-जीचंच बघा. २००५ साली त्याची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा कंपनीनं आतली जागा आणि स्मृती निम्मी केली आणि लिनक्सही काढून टाकलं. वरून ओळखू येणं कठीण. लिनक्सवाल्या गिऱ्हाइकांसाठी मग वेगळ्या नावाचं मॉडेल काढलं. चितळे रस्त्यावरच्या दुकानात मी चष्मा सावरून खोक्याच्या तळाचं बारीक लेबल वाचू लागले, तेव्हा पोऱ्या म्हणाला, ‘‘आजी, सगळे सारखेच असतात.’’ मी म्हटलं, ‘‘बाळा, नोटाही सारख्याच असतात. नंबर बघावा लागतो.’’ पहिली तीन खोकी परत गेली, चौथं पसंत पडलं.

तिसरा धडा आतल्या चिपचा. मीडियाटेक आणि क्वालकॉमच्या बऱ्याच चिपांवर हे फर्मवेअर चांगलं चालतं. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपांची आतली माहिती पुरेशी खुली नसल्यानं तिथं अडचणी येतात. चौथा धडा : फायबरवाल्यानं लावून दिलेली डबी वेगळी, ती काढून फेकायची नाही. काचेच्या तारेतला प्रकाश तीच उलगडते. आपला राउटर तिच्या मागे जोडायचा. जोडणीचं नाव आणि पासवर्ड आधी त्या कंपनीकडून लिहून घ्यायचे, आणि त्यांच्या डबीनं नुसतं पुलाचं काम करावं, अशी विनंती करायची. पाचवा धडा : आधी वॉरंटीचा कागद वाचायचा, कारण परकं फर्मवेअर घातलं तर कंपनी हात वर करू शकते.

घरी आल्यावर फर्मवेअर उतरवून घेतलं. इथं भाचीनं मला माझ्या जुन्या खुर्चीत बसवलं म्हणायचं. उतरवलेली फाईल वाटेत बदलली तर गेली नाही ना, हे ताडून बघायला तिच्यासोबत चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक ओळ प्रसिद्ध केलेली असते. आपल्या फाईलवरून संगणक तशीच ओळ काढतो. दोन्ही जुळल्या तर माल खरा. हे जुळवणंही संगणक एका आज्ञेत करतो. पण मी दोन्ही ओळी मोठ्या टायपात कागदावर छापून घेतल्या. ह्यांनी भिंग धरून एक वाचली, मी दुसरीवर लाल पेन्सिलीनं टिका मारल्या. चौसष्टच्या चौसष्ट! निवृत्तीनंतर इतका समाधानाचा टॅली मी केला नव्हता.

आता खरी परीक्षा होती. नवं फर्मवेअर आत चढत असताना वीज गेली, तर राउटर निकामी होऊ शकतो. या मंडळींच्या भाषेत त्याची ‘वीट’ होते. नगरच्या विजेचा भरवसा कुणी द्यावा? इन्व्हर्टर चालू आहे याची दोनदा खात्री केली, वाय-फायनं नव्हे तर तारेनं जोडलं आणि भाचीनं बटण दाबलं. दिवा लुकलुकू लागला. तीन-चार मिनिटं कुणी बोललं नाही. मग दिवा स्थिर झाला. १९२.१६८.१.१ या आतल्या पत्त्यावर नवं पान उघडलं आणि पहिलीच सूचना : पासवर्ड ठेवलेला नाही, आधी तो ठेवा. गंमत म्हणजे वाय-फाय मुळात बंदच होतं. आपण कुलूप लावून मग स्वतःच्या हातानं ते सुरू करायचं. देश ‘भारत’ निवडायचा, म्हणजे लहरींची ताकद आपल्याकडच्या नियमांत राहते. या पडद्यावरचे शब्द मराठीत करण्याचं काम स्वयंसेवकांनी हाती घेतलं आहे, हे ऐकून बरं वाटलं.

हे सगळं वाचून उद्या सकाळी कुणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन शिडीवर चढू नये. या फर्मवेअरनं इंटरनेटचा वेग दुप्पट होत नाही. फोनवर गोड बोलून ओटीपी मागणाऱ्याला कोणताही राउटर अडवू शकत नाही. खुला प्रोग्रॅम म्हणजे आपोआप सुरक्षित प्रोग्रॅम, असंही नाही. त्यातही भोकं सापडतात. फक्त ती बुजवणारी माणसं जागी असतात, आणि बुजवलेली आवृत्ती चढवण्याचं काम आपलं असतं. ज्या घरात ते करणारं कुणी नाही, त्या घरानं डागडुजीची मुदत जाहीर करणारा, स्वतःहून नवी आवृत्ती चढवणारा साधा राउटर घ्यावा, आतला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि मुदत संपली की डबीही बदलावी. ज्यांना डबीची वीट होण्याची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी २०२४ च्या अखेरीस ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ नावाचा राउटर आला आहे. त्यात मूळ प्रोग्रॅमची प्रत वेगळ्या चिपवर सांभाळलेली असते, म्हणून बिघडला तरी पुन्हा उभा करता येतो.

माझ्यापुरतं म्हणाल, तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी नवी आवृत्ती आली आहे का ते बघते. आली असेल तर भाचीला फोन लावते आणि ती पलीकडे असतानाच मी बटण दाबते. पूर्वी मी तिला ‘तू करून टाक’ म्हणाले असते. आता म्हणत नाही.

बँकेत स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत. एक अधिकाऱ्याकडे, एक हेड कॅशियरकडे. एकट्यानं तिजोरी उघडायची नाही. आणि बदली झाली की रजिस्टरवर सही करून चार्ज द्यायचा, किल्ली कुणाच्या हाती दिली ते तारखेनिशी लिहायचं. तसंच मी केलं आहे. राउटरचा पासवर्ड दोन पाकिटांत घालून, तोंडावर सही करून चिकटवला. एक पाकीट भाचीकडे पुण्याला गेलं. दुसरं कपाटात, ह्यांच्या शस्त्रक्रियेच्या फाईलखाली. शस्त्रक्रिया गेल्या फेब्रुवारीत झाली. गेलेली नजर काचबिंदूत परत येत नाही, पण उरलेली टिकावी. त्यांना ते पाकीट कुठं आहे ते सांगून ठेवलं आहे, आणि वर त्यांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे : ‘घरची किल्ली’.

पाथर्डीचा तो म्हातारा आता नसेल. असता तर त्याला मी निदान एवढं सांगितलं असतं, की बाबा, उत्तर द्यायला पस्तीस वर्षं लागली, पण आमच्या घरापुरतं तरी कुलूप आता आमचं आहे.